माझ्या घरी खास असं काही नाही, मग लिहू काय?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी पिंपरीला राहते, बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'स्व'ची ओळख या विषयाच्या प्रात्यक्षिकात आम्हाला 'माझी सांस्कृतिक पार्श्वभूमी आणि भावी शिक्षक म्हणून मी' यावर आठ-दहा पानं लिहायची आहेत. मैत्रिणींनी वारी, गौरी-गणपती, पुरणपोळी असं लिहून नऊवारीतले फोटो चिकटवलेत. माझ्या घरी खास असं काही नाही. आजोबा १९७२च्या दुष्काळात जालन्याकडून इकडे आले. वडील कंपनीत शिफ्टला जातात, आई शिवणकाम करते. आजी ताटात शीत टाकू देत नाही आणि घर घड्याळावर चालतं, एवढीच काय ती संस्कृती. आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावात, महापालिकेच्या शाळेत सहावीला 'आमची दिवाळी' हा निबंध दिला, तर निम्म्या वर्गाने गाइडमधला उतरवला आणि तिघाचौघांनी कोरी वही दिली. मुलांना शिस्त नाही की घरचं वळण नाही, कळत नाही. आणखी एक : जात लिहायची का? एक मॅडम म्हणाल्या, तो विषय नको.
— एक छात्राध्यापिका

उत्तर : तुला 'तू' म्हणते, चालेल ना? घरात खास काही नाही म्हणतेस आणि चार ओळींत दुष्काळ, शिफ्ट, शिवणयंत्र, आजीचं ताट सगळं सांगून मोकळी होतेस. लिहायचं ते हेच. फोटो मात्र नकोत. नऊवारी वर्षातून एकदा नेसायची, वर्गात जायचं रोज.

हा विषय आमच्या वेळी नव्हता. २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं केलं, तेव्हा तो आला. आणि लवकरच त्याच्या तयार फायली झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागल्या! तुझ्या मैत्रिणींची पानं कुठून आली असतील ते मी विचारत नाही.

आजीपासून सुरू कर. बहात्तरला लोकांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, मदतीत मिळालेल्या सुकडीच्या पिठावर पोरं जगवली. तुमच्या घरात शीत टाकत नाहीत ते त्यामुळे, असं आजीला विचारून बघ. ती वेगळंच काही सांगेल तर ते लिही. पण तो नियम तुझ्याबरोबर शाळेत येणार हे नक्की. पोषण आहाराच्या पंगतीत खिचडी टाकणारं पोर दिसलं की तुझ्या कपाळावर आठी पडेल, शेजारच्या बाईंच्या पडणार नाही. आमच्याकडे एक शिक्षिका होत्या, अतिशय मेहनती, घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. आहारात अंडं असेल त्या दिवशी त्या दाराशी उभ्या राहायच्या. पदर नाकाला लावायच्या नाहीत, बोलायच्याही काही नाहीत, नुसती मान बाहेर वळवलेली. तिसरीतल्या पोरी त्यांच्याकडे पाठ करून, अंडं मुठीत धरून, भराभर सोलायच्या आणि टरफलं फ्रॉकच्या खिशात घालायच्या. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं.

आता घड्याळ. तुझ्या पत्रात 'शिस्त' आणि 'वळण' जोडीनेच आलेत. शिफ्टला उशीर झाला तर पगार कापला जातो, म्हणून तुमच्या घरी वेळ पाळणं म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न. त्यात वाईट काही नाही, मला तर अशा घरातल्या मुली शिक्षिका म्हणून आवडतात, त्यांचं टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, वेळेवर येतं. फक्त धाकट्याला अंगणवाडीत सोडून, हंडा भरून मग शाळेत येणारी मुलगी दहा मिनिटं उशिरा आली, की तिलाही तुझ्या वडिलांच्या कंपनीच्या गेटचा नियम लागू करशील का, एवढं लिहून ठेव.

माझं सांगते. आम्ही रत्नागिरीकडचे, चाकरमान्याचं घर. वडील मुंबईला गिरणीत, खानावळीत जेवायचे, महिन्याला मनीऑर्डर यायची. १९८२चा संप झाला आणि पोस्टमन आमच्या दारावरून सरळ पुढे जाऊ लागला. बाप घरात नसणं आम्हाला इतकं सवयीचं होतं, की पुढे वर्गात एखाद्या पोराचा बाप कुठे आहे याचा मी बाऊ केला नाही, आणि त्या पोरांना ते बरं वाटायचं. एवढी शिदोरी घरची. पण नोकरी लागली जव्हारला, आताच्या पालघर जिल्ह्यात. कोकणातला बाप एकटा जातो, पोरं आजीपाशी राहतात, शाळा सुटत नाही. जव्हार-मोखाड्यात दिवाळी झाली की अख्खं घर निघतं. भांडी, कोंबड्या, पोरं असं सगळं टेम्पोत घालून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. मागे हजेरीपटावर नावं राहतात. चाकरमान्याची मुलगी असूनही हे मला माहीत नव्हतं. ते गावातल्या बायांकडून, त्यांच्याबरोबर बसून कळत गेलं.

आमच्याच पालघर जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे ते काम कोसबाडला गेलं. दोघी बाहेरून आलेल्या, शिकलेल्या. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे घेतले. पोरं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात भरवली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात. आपल्या घरची शाळा कशी असते हे त्या विसरल्या नव्हत्या, पण तीच एक शाळा असं त्यांनी धरलं नाही.

मग तुझा दिवाळीचा निबंध. पाठ्यपुस्तकी दिवाळी वसुबारसेने सुरू होते, गाय-वासराची पूजा. त्याच तिथीला, आश्विन वद्य द्वादशीला, आमच्या जव्हारकडे वाघबारस. वाघाला नैवेद्य, आणि रानात गुरं नेणाऱ्या पोरांचा मोठा दिवस. जुन्नर आणि अकोले तालुक्यांत महादेव कोळीही ती करतात, म्हणजे हे तुझ्यापासूनही फार लांब नाही. एक घर गाईला पुजतं, दुसरं त्याच दिवशी वाघाला, आणि निबंधात मात्र किल्ला, करंजी, आकाशकंदील याखेरीज काही मावत नाही. मराठवाड्यातल्या किती घरांत दिवाळीच्या आगेमागे कोयता निघतो, ऊसतोडीला, ते तुला मी सांगायला नको, तू जालन्याची नात आहेस. तुझ्या वर्गात कोऱ्या वह्या देणारी मुलं कुठल्या घरांतली, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. ते आधी बघ. ज्याला प्रश्नात आपलं घरच सापडत नाही, तो गाइड उघडतो, नाहीतर वही मिटतो. पुढच्या वेळी विचार, 'शाळेला सुट्टी लागली की तुमच्या घरात काय काय बदलतं?' मग बघ किती पानं भरतात.

म्हणून प्रात्यक्षिकासाठी माझं सुचवणं असं : सणावारांची यादी बाजूला ठेव आणि स्वतःची सराव पाठाची टाचणं काढून बस. नफा-तोट्याच्या उदाहरणात दुकानदार कोण, उधारी मागणारा कोण? कवितेच्या प्रस्तावनेला विचारलेला प्रश्न कुठल्या घरातल्या पोराला सुटतो? कोणाला 'शाब्बास' म्हणालीस, कुणाला 'नीट बोल' म्हणालीस? पेन्सिलने खुणा कर. प्रत्येक खुणेपाशी तुझं घर सापडेल, किंवा तुला ज्या घरासारखं व्हायचंय ते घर सापडेल. दुसरं जास्त वेळा सापडतं, असा माझा अनुभव. उद्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नियुक्ती झाली तर जिल्हा कोणता येईल ते पूर्णपणे तुझ्या हातात नाही. धडगावला गेलीस की मोखाड्याला, ही खुणा केलेली टाचणं बरोबर ने.

राहिली जात. मॅडमना काय भीती वाटते ते मला कळतं. पानं वर्गात मोठ्याने वाचली जातात, मग कुजबुज सुरू होते. पण जात वगळून आपल्याकडे पार्श्वभूमी लिहिता येत नाही. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई साळवेचा निबंध १८५५मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे त्या शाळकरी मुलीने त्यात लिहिलं. तिला हे लिहिता आलं, मग बी.एड.च्या मुलीला का येऊ नये? जातीचं नाव लिहून थांबू नकोस. आडनाव ऐकून भाड्याची खोली मिळाली की नाही, कुणाच्या घरी पाणी कशातून दिलं गेलं, तुमच्या घरी इतरांना कशातून दिलं जातं, हे लिही. शेवटचं लिहायला जड जातं, बहुतेक जण ते गाळतात.

वर्गात मात्र वेगळी रीत. जनरल रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो, शिष्यवृत्तीच्या कागदांना तो लागतो. ते काम ऑफिसात, पालकांना बोलावून करायचं. 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' असं भर वर्गात म्हणणारे शिक्षक अजून आहेत, त्यांचं बघून शिकू नकोस. आणि व्यवहाराची गोष्ट : प्रात्यक्षिकाचं जर्नल तपासणार कोण, त्याचा अंदाज घे, गुण त्यांच्या हातात आहेत. नको वाटलं तर जातीची दोन पानं वेगळ्या वहीत लिही आणि जर्नलला जोडू नकोस.