खडकवासल्याला एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिथे सैन्याचे अधिकारी घडवतात) आधी खरंच मिलिटरी कॅम्प होता का?

हो, होता. दुसऱ्या महायुद्धात तलावाच्या उत्तर काठावर सैनिकांना बोटीतून किनाऱ्यावर उतरायचं ट्रेनिंग द्यायचे, आता पुण्यात कुठला समुद्र म्हणाल तर धरणाचं पाणी होतंच की, आणि सरावासाठी एचएमएस अँगोस्टुरा नावाचं नकली जहाजही होतं. असल्या ट्रेनिंगमध्ये पाठीवर सामान घेऊन जाळीवरून खाली हलत्या बोटीत उतरायचं, बोट काठाला लागली की पटापट बाहेर, दिसतं तेवढं सोपं नाही ते. युद्धानंतर एनडीएसाठी जागा बघताना तलाव, डोंगर, लोहगावचा विमानतळ हे तर होतंच, पण हा जुना कॅम्पही जमेची बाजू ठरला. १९४९ला नेहरूंनी पायाभरणी केली.