देवाचं पाचारण रोजच्या जगण्यात कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं प्रार्थना करताय, चिन्ह मागताय, पण देवाचं पाचारण, म्हणजे कामासाठीची त्याची हाक, बँकेतली नोकरी सोडून चर्चच्या सेवेत जाण्याची आहे की नाही ते कळत नाही. वाचून आमचे दादा आठवले, माझे थोरले दीर. म्हणून लिहायला बसले.

मी मिरजेत तीस वर्षं नर्स होते. लग्न होऊन आले तेव्हा दादा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच. त्यांच्या लेखी पाचारण एकच, पुलपिटवर उभं राहून उपदेश करण्याचं. बाकी सगळी पोटासाठीची नोकरी. ते इतकं लागलं की १९९१ साली मी गुपचूप बायबल शाळेचा फॉर्म आणला. रोज नाइट ड्यूटीला पर्समध्ये घालून न्यायचा आणि म्हणायचं, प्रभू, काहीतरी दाखव, की भरते.

अशाच एका रात्री वॉर्डात जतकडचा एक म्हातारा होता, हर्नियाचं ऑपरेशन झालेला. दोन वाजता हाक आली, "बाई." गेले. उशी सरकली होती. परत येऊन डोळे मिटते न मिटते तोच पुन्हा "बाई." पाणी. तिसऱ्यांदा मी जागेवरूनच ओरडले, "आता काय?" तर म्हणतो, "काय नाही, जागी हाईस का बघितलं." पोरगा पहाटेच्या एसटीनं येणार होता आणि म्हाताऱ्याला धास्ती, तोवर आपलं काही झालं तर कुणाला कळायचंही नाही. मग स्टूल ओढून बसले. बोललो काय, तर ज्वारी आणि बैलांच्या किमती. पोरगा पहाटे आलाच नाही. दुपारी आला, तोही पिऊन.

घरी येऊन चपला काढताना बायबलमधला शमुवेल आठवला. संडे स्कूलला शंभरदा ऐकलेली गोष्ट. रात्री देव हाक मारतो आणि पोरगं तीनदा उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे पळतं. का? तर एलीनंच हाक मारली असं वाटलं म्हणून. गडगडाट नाही, वीज नाही. नजर गेलेल्या म्हाताऱ्याला रात्री काही हवं असेल, अशी हाक. आणि तिन्ही वेळा पोरगं उठून गेलं! मी तिसऱ्याला खुर्चीतूनच ओरडले होते. फॉर्म आठवडाभर पर्समध्येच राहिला, मग त्याच्या पाठीवर वाणसामानाची यादी केली.

दादा नेहमी रेव्हरंड टिळकांचा, हिंदूचे ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांचा, दाखला द्यायचे. १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी साहेबानं नवा करार हातात ठेवला, झालं पाचारण! अहो, पण बाप्तिस्मा १८९५ साली. मधली दोन वर्षं तो माणूस वाचत होता, स्वतःशी झगडत होता, ते कोण सांगणार? आणि मिरजेत १८९४ साली दवाखाना उघडणाऱ्या डॉ. वॉन्लेसांचं काय? त्यांचं पाचारण हातातल्या सुरीत होतं की नव्हतं? बायबलमधला प्रेषित पौल तर पोटासाठी तंबू शिवायचा. हे सगळं मी दादांना तोंडावर कधी बोलले नाही. थोरले पडले.

तुमच्या नोकरीचं मला काय कळणार? काउंटरवर पेन्शनला येणाऱ्या म्हाताऱ्यांशी कसं बोलता, ते आधी बघा. ओढ खरी असेल तर जाऊ नका म्हणत नाही, पण कुणाला दाखवून द्यायला जाऊ नका. मी तशीच निघाले होते. हां, म्हणून प्रत्येक हाकेमागे धावायचंही नाही. "देवानं मला सांगितलंय" म्हणत दुसऱ्याकडून खुर्च्या उचलून घेणारे आमच्या मंडळीत कमी नव्हते. आणि खरोखरच कानात आवाज येत असतील, झोप उडाली असेल, तर पाळकांच्या आधी डॉक्टर गाठा. हे नर्स म्हणून सांगते.

दादा शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळून होते. सगळं मीच केलं, बेडपॅनपासून. एकदा कूस बदलून देताना म्हणाले, "तुझं शिक्षण कामाला आलं बघ." शिक्षण! पाचारण हा शब्द काही तेव्हाही तोंडातून निघाला नाही.