वाचकांचे प्रश्न : नेमणूक राष्ट्रपतींची, जबाबदारी लोकसभेपुढे

केंद्र सरकारचा कारभार नेमका कोणाच्या हातात असतो, मंत्र्यांना कोण नेमते आणि त्यांना पायउतार कोण करू शकते, याविषयी इंदूरच्या वाचकांनी पाठविलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत असे. केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी असते, असे मी मुलांना सांगत असे आणि त्याच तासाला खरा कारभार पंतप्रधान करतात, असेही सांगत असे. या दोन विधानांचा मेळ कसा घालावा? (निवृत्त शिक्षिका, रामबाग)

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत आणि राज्यघटनेची कलमे ५३ व ७४ एकत्र वाचली की त्यांचा मेळ लागतो. कलम ५३ कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे सोपविते. कलम ७४ सांगते की, राष्ट्रपतींना साहाय्य करण्यासाठी व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल. हा सल्ला बंधनकारक आहे की नाही, हे मूळ मजकुरात स्पष्ट नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात, काही अपवादात्मक प्रसंग वगळता राष्ट्रपती मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानेच वागतात, असा निर्वाळा दिला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते बंधन घटनेतच लिहिले गेले. आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा दिली. फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र त्यांना मानावाच लागतो. ही मुभा नाममात्र आहे असे समजू नये. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी परत पाठविली आणि सरकारने ती पुन्हा पुढे रेटली नाही.

राजपत्रातील आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतात ते कलम ७७ मुळे. त्यातील प्रत्येक कागद राष्ट्रपतींनी वाचलेला नसतो आणि तशी अपेक्षाही नाही. कोणता विषय कोणत्या मंत्रालयाकडे असेल आणि कोणता निर्णय कोणत्या पातळीवर होईल, हे १९६१ च्या दोन कार्यनियमावल्यांनी ठरवून दिले आहे.

इंदूरच्या वाचकांना यातला मूळ मुद्दा संस्थानी काळाकडे पाहिल्यास अधिक चांगला उमगेल. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७३ मध्ये तंजावरच्या मराठी परंपरेतील सर टी. माधवराव यांना दिवाण नेमले. १८७५ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले. ते अत्यंत कर्तबगार प्रशासक होते, पण दिवाण म्हणून त्यांनी जाब द्यायचा तो दरबाराला, रयतेने निवडलेल्या सभेला नव्हे, कारण तशी सभाच नव्हती. आजही कलम ७५ म्हणते की, मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतील. मात्र त्याच कलमात मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल, असेही म्हटले आहे, आणि या एका वाक्याने मर्जीचा सारा अर्थ पालटला आहे. म्हणूनच सरकार समजून घेताना नेमणुकीच्या कागदावर सही कोणाची आहे यापेक्षा जाब कोणाला द्यावा लागतो, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : पंतप्रधानपदी कोणाला नेमावे याचा निकष घटनेत दिलेला नाही. कोणत्याही पक्षाला बहुमत नसेल तर राष्ट्रपती कसे ठरवितात? (विधी शाखेचा विद्यार्थी, लोकमान्य नगर)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतील, एवढेच घटना सांगते. बहुमत स्पष्ट असेल तेव्हा राष्ट्रपतींना निवडीचा प्रश्नच उरत नाही. ते नसेल तेव्हा मात्र हे एक कार्य त्यांना स्वतःच्या विवेकाने करावे लागते, कारण सल्ला देणारे नवे मंत्रिमंडळ अजून अस्तित्वातच आलेले नसते.

वेगवेगळ्या राष्ट्रपतींनी यासाठी वेगवेगळे मार्ग धरले. १९८९ मध्ये काँग्रेस १९७ जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरली, म्हणून आर. वेंकटरमण यांनी प्रथम राजीव गांधींना विचारले. त्यांनी नकार दिल्यावर विश्वनाथ प्रताप सिंग यांना पाचारण झाले. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनीही सर्वांत मोठ्या पक्षाचाच निकष लावून ग्वाल्हेरचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी यांना शपथ दिली. बहुमत जुळत नाही हे दिसल्यावर वाजपेयींनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला. १९९८ मध्ये नारायणन यांनी आधी मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रे मागितली आणि मगच वाजपेयींना निमंत्रण दिले. माझ्या मते नारायणन यांचा हा मार्ग अधिक सावध आणि अधिक रास्त आहे, कारण केवळ आकाराने मोठा असलेला पक्ष सरकार चालवू शकेलच असे नाही. केंद्र-राज्य संबंधांवरील सरकारिया आयोगाने राज्यपालांसाठी १९८८ मध्ये असा प्राधान्यक्रम सुचविला होता, त्यातही निवडणूकपूर्व आघाडीला पहिले स्थान आहे. राष्ट्रपतींसाठी असा लेखी क्रम नाही.

तरीही ही निवड तात्पुरती असते, कारण अंतिम परीक्षा सभागृहातच व्हायची असते. १९७९ च्या जुलैमध्ये चरण सिंग यांचा शपथविधी झाला, परंतु लोकसभेला एकदाही सामोरे न जाता त्यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. राष्ट्रपतींची मर्जी, पक्षाचा आकार, पंतप्रधानांची लोकप्रियता यांपैकी काहीही त्या एका मतापुढे कामी आले नाही. हा दिवस मुलांना नागरिकशास्त्रात अवश्य शिकवावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. तिकडे मंत्र्यांच्या नावांना सिनेटची मंजुरी लागते, असे ती सांगते. आपल्याकडे अशी तपासणी का नाही? (एक वाचक, स्नेहलतागंज)

उत्तर : दोन्ही देशांनी वेगळ्या वाटा निवडल्या आहेत. अमेरिकेत अध्यक्षांची मुदत ठरलेली असते आणि त्यांच्या मंत्र्यांना काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे, सदस्य राहता येत नाही. म्हणून प्रत्येक नावाची छाननी नेमणुकीपूर्वीच होते. ती कठोरही ठरू शकते : १९८९ मध्ये संरक्षणमंत्रिपदासाठीचे जॉन टॉवर यांचे नाव सिनेटने ५३ विरुद्ध ४७ मतांनी फेटाळले. आपल्याकडे मंत्र्यांची निवड पंतप्रधान करतात आणि राष्ट्रपती त्यांच्या सल्ल्याने नेमणूक करतात. संसद एकेका व्यक्तीची पारख करीत नाही; ती संपूर्ण मंत्रिपरिषदेवर विश्वास ठेवते किंवा काढून घेते.

येथे दोन मर्यादा आहेत. मंत्री संसदेच्या कोणत्या तरी एका सभागृहाचा सदस्य असावा लागतो. सदस्य नसलेल्या व्यक्तीला नेमता येते, परंतु तिला सहा महिन्यांत निवडून यावे लागते. १९९१ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले तेव्हा ते खासदार नव्हते, आणि त्यांनी अर्थमंत्री म्हणून घेतलेले मनमोहन सिंगही नव्हते. सहा महिने संपताच राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका मंत्र्याच्या खटल्यात २००१ मध्ये बंद केली. दुसरी मर्यादा संख्येची : २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनुसार पंतप्रधानांसह मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, म्हणजे ५४३ जागांच्या सभागृहात ८१ हून अधिक नाही. व्यक्तिगत पात्रतेची जाहीर तपासणी मात्र कोठेच होत नाही, आणि ही उणीव आपल्या मुलीने योग्य हेरली आहे.

प्रश्न : कॅबिनेट मंत्री आणि राज्यमंत्री यांत फरक काय? (व्यापारी, राजवाडा परिसर)

उत्तर : धोरणाचे मोठे निर्णय कॅबिनेट घेते आणि तिचे सदस्य सहसा महत्त्वाची खाती सांभाळतात. राज्यमंत्र्यांपैकी काहींकडे खात्याचा स्वतंत्र कार्यभार असतो, इतर कॅबिनेट मंत्र्यांना साहाय्य करतात. आपल्या शहराच्या सलग आठ वेळा निवडून आलेल्या माजी खासदार सुमित्राताई महाजन वाजपेयी सरकारमध्ये राज्यमंत्री होत्या. २०१४ ते २०१९ या काळात त्यांनी भूषविलेले लोकसभा अध्यक्षपद मात्र कार्यपालिकेत मोडत नाही. ते सभागृहाचे पद आहे. मंत्र्याखाली खात्याचा सचिव असतो. सरकार बदलले तरी प्रशासकीय सेवा कायम राहते, आणि मंत्र्याला न रुचणारा सल्ला फाइलवर लेखी नोंदविणे हे चांगल्या सचिवाचे कर्तव्यच आहे.

प्रश्न : पंतप्रधानांचे पदावर असताना निधन झाल्यास उपपंतप्रधान आपोआप सूत्रे हाती घेतात का? (एक वाचक, सुदामा नगर)

उत्तर : नाही. उपपंतप्रधान या पदाचा घटनेत उल्लेखच नाही. वल्लभभाई पटेल, यशवंतराव चव्हाण, लालकृष्ण अडवाणी यांनी ते भूषविले, पण घटनेच्या दृष्टीने ते मंत्रीच होते. पंतप्रधान राहिले नाहीत की त्यांची मंत्रिपरिषदही संपुष्टात येते. दुसरीकडे, मंत्रिपरिषदेशिवाय राष्ट्रपतींनी एकट्याने कारभार हाकणे घटनेला मान्य नाही; लोकसभा विसर्जित झालेली असतानाही मंत्रिपरिषद असावीच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे नवी नेमणूक तातडीने करावी लागते. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरूंचे आणि ११ जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले, तेव्हा दोन्ही वेळा गुलझारीलाल नंदा यांना शपथ देण्यात आली आणि काँग्रेसच्या संसदीय पक्षाने नेता निवडेपर्यंत त्यांनी काम पाहिले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येनंतर राष्ट्रपती झैल सिंग यांनी हंगामी नेमणूक न करता त्याच दिवशी राजीव गांधींना शपथ दिली. दोन्ही पद्धती घटनेत बसतात, तरीही पक्षाच्या खासदारांनी आधी नेता निवडावा आणि मग राष्ट्रपतींनी त्याला नेमावे, ही १९६४ ची रीत मला अधिक योग्य वाटते.