आकारमान मोजताना नेमके काय मोजायचे?

या वेळी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाएवढे पाणी बाजूला सारते, हे मुलांना पाठ असते. पण सारख्या आकाराची लोखंडी गोळी आणि काचेची गोटी दाखवून कोणती पाणी जास्त वर चढवेल असे विचारले, की जवळजवळ सगळा वर्ग लोखंडाकडे बोट दाखवतो. हे कसे दुरुस्त करावे? आमच्याकडे मोजपात्रही एकच आहे.

उत्तर : मुलांचे उत्तर चुकीचे असले तरी निराधार नाही, आणि ते कोठून येते हे शिक्षकाने आधी ओळखावे, असे आम्हांला वाटते. बादलीतल्या पाण्यावर पातेले तरंगत ठेवून त्यात एकेक दगड टाकला, तर पातेले खाली जाते आणि बादलीतील पाणी वर चढते, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. तेथे वजन वाढले की पाणी खरोखरच जास्त सारले जाते, कारण तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतक्या वजनाचे पाणी बाजूला करते. पूर्ण बुडालेली वस्तू मात्र आपण व्यापलेल्या जागेएवढेच पाणी बाजूला करते. तिच्या वजनाशी पाण्याला काही देणेघेणे नसते. मुले तरंगण्याचा नियम बुडण्याला लावतात, एवढीच गफलत आहे. त्यामुळे हे दोन्ही प्रकार एकाच तासात, शेजारी शेजारी दाखवणे उपयोगाचे ठरते.

सोळा मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या गोट्या आणि तेवढ्याच व्यासाच्या बेअरिंगमधील लोखंडी गोळ्या घ्याव्यात. अशा एका गोटीचे आकारमान सुमारे २.१ मिलिलीटर भरते. लोखंडी गोळी वजनाने तिच्या तिपटीला पोहोचते, पण जागा तेवढीच व्यापते. १०० मिलिलीटरच्या मोजपात्रावर बहुधा एकेका मिलिलीटरच्या खुणा असतात, त्यामुळे एकच गोटी टाकून वाचन घेतले, तर दोन आले की अडीच याचा वाद वर्गात संपत नाही. दहा गोट्या एकदम टाकाव्यात, पाणी २१ मिलिलीटरच्या आसपास चढलेले दिसते, आणि मग दहाने भागावे. नंतर पाणी पुन्हा पहिल्या खुणेवर आणून दहा लोखंडी गोळ्या टाकाव्यात. पात्र काचेचे असेल तर ते तिरपे धरून गोळ्या कडेने घरंगळत सोडाव्यात, नाहीतर बूड फुटेल. शेवटी लाकडाचा एखादा तुकडा आधी तरंगत ठेवून आणि मग टाचणीने पाण्याखाली दाबून, अशी दोन वाचने घ्यावीत. या दोन आकड्यांतील फरक मुलांनी स्वतः पाहिला, की सूत्राचे पाठांतर बरेचसे अनावश्यक होते.

मोजपात्र एकच असण्याची अडचण मोठी नाही. सरळ भिंतींची पारदर्शक बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग कापून टाकावा, उभी कागदी पट्टी चिकटवावी आणि बुडाचे उंचवटे झाकले जातील इतके पाणी ओतून तेथे शून्याची खूण करावी. मग औषधाच्या दुकानातून आणलेल्या नव्या, सुई नसलेल्या सिरिंजने दहा दहा मिलिलीटर पाणी सोडत प्रत्येक वेळी खूण करत जावे. फूटपट्टीने सारख्या अंतरावर खुणा करण्याचा मोह मात्र टाळावा. बाटली कोठे जराशी फुगीर असेल, तर तेथील खुणा आपोआप जवळजवळ येतात, आणि त्या तशाच बरोबर असतात. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीशी आणावा आणि काचेच्या पात्रात पाण्याची खोलगट कड सोडून मधला खालचा भाग वाचावा, हे आपण शिकवतच असाल.

काहींना उन्हाळ्याची शंका येते, म्हणून तेही सांगतो. काचेच्या मोजपात्रांवर २० किंवा २७ अंश सेल्सिअस असे छापलेले असते, कारण त्या तापमानाला त्यांच्या खुणा तंतोतंत असतात. एप्रिलमध्ये वर्गातले पाणी ४० अंशांवर गेले, तर २० अंशांवरचे १०० मिलिलीटर पाणी सुमारे १००.६ मिलिलीटर होते. शाळेच्या मोजपात्रावर हा फरक एका खुणेइतकाही नाही; तो सोडून द्यावा.

प्रश्न : मी नववीत शिकते आणि अंबाजोगाईला राहते. विटेचा तुकडा मोजपात्रात टाकला तेव्हा पाणी ६० वरून ८४ वर गेले, पण नंतर बुडबुडे येत राहिले आणि पाणी हळूहळू ७८ पर्यंत खाली आले. वहीत कोणता आकडा लिहायचा?

उत्तर : तू पाणी उतरेपर्यंत थांबलीस, हे फार चांगले केलेस, बहुतेक जण पहिला आकडा लिहून मोकळे होतात. तुझे दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींची मापे आहेत. वीट सच्छिद्र असते. तुकडा टाकताक्षणी छिद्रांत हवाच होती, म्हणून ८४ वजा ६०, म्हणजे २४ मिलिलीटर, ही छिद्रे धरून तुकड्याने व्यापलेली जागा झाली. मग पाणी छिद्रांत शिरले, हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडली आणि पातळी ६ मिलिलीटरने उतरली. उरलेले १८ मिलिलीटर हे भाजलेल्या मातीचे आणि पाणी पोहोचूच शकले नाही अशा बंद छिद्रांचे आकारमान आहे.

याचा ताळा तुला वजनाने करता येईल. कोरडा तुकडा टाकण्यापूर्वी तोलायचा, आणि बाहेर काढल्यावर ओल्या फडक्याने वरवर टिपून पुन्हा तोलायचा. वजन सुमारे ६ ग्रॅमने वाढले असेल, तर हिशेब जुळला, कारण एक मिलिलीटर पाण्याचे वजन जवळपास एक ग्रॅम असते. वहीत दोन्ही आकडे लिही आणि प्रत्येकापुढे तो कशाचा आहे तेही लिही. घनता काढतानाही हाच भेद आड येतो. तुकडा ४० ग्रॅमचा असेल, तर २४ ने भागून सुमारे १.७ आणि १८ ने भागून सुमारे २.२ असे उत्तर येईल. भिंतीचे वजन काढणाऱ्याला पहिले हवे असते, मातीचा अभ्यास करणाऱ्याला दुसरे.

पायलीने ज्वारी मोजत असत, तेव्हाही हीच बाब होती. पायलीत दाण्यांबरोबर दाण्यांमधली हवा मोजली जाई, म्हणून माप हलवून, ठोकून भरले की दाणा जास्त जाई आणि सैल सोडले की कमी.

प्रश्न : गेवराई तालुक्यातील माझ्या शेतात ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल शेततळे आहे. मुलाने गणिताच्या पुस्तकाप्रमाणे २७ लाख लीटर पाणी सांगितले. पंपाच्या तासांवरून हिशेब केला, तर तळे भरायला १८ लाखांच्या आतच पाणी लागले. पंपाचा हिशेब चुकला की मुलाचा?

उत्तर : मुलाचा गुणाकार बरोबर आहे, पण तो ज्या खड्ड्याचा आहे, तसा खड्डा तुमच्या शेतात नाही. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार भिंती उभ्या असतील तरच चालतो. शेततळ्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून त्यांना उतार दिलेला असतो. हा उतार एकास एक असेल, म्हणजे मीटरभर खाली गेल्यावर प्रत्येक बाजू मीटरभर आत येत असेल, तर ३ मीटर खोलीवर तळ ३० बाय ३० न राहता २४ बाय २४ उरतो.

अशा खड्ड्याचे आकारमान काढायला एक सोपी रीत आहे. वरचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि बरोबर मधल्या उंचीवरच्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करावी, तिला सहाने भागावे आणि खोलीने गुणावे. येथे वर ९००, तळाशी ५७६ आणि मध्ये २७ बाय २७ म्हणजे ७२९ चौरस मीटर आहेत. हिशेब केला की २,१९६ घनमीटर, म्हणजे २१.९६ लाख लीटर येतात. पाच लाख लीटर कडांच्या उतारातच गेले.

शिवाय तळे कोणी काठोकाठ भरत नाही. पाणी काठाच्या अर्धा मीटर खाली ठेवले असेल, तर पाण्याचा पृष्ठभाग २९ बाय २९ मीटर आणि खोली अडीच मीटर धरावी लागते, आणि त्याच रीतीने सुमारे १,७६० घनमीटर, म्हणजे १७.६ लाख लीटर येतात. तुमचा पंप खोटे बोलत नाही. उतार एकास दीड असेल तर पाणी याहूनही कमी मावेल, म्हणून मुलाला टेप घेऊन तळे कोरडे असताना तळ मोजायला सांगा. वहीतल्या दहा उदाहरणांपेक्षा ते एक मोजमाप त्याला जास्त शिकवील. जाता जाता, ८४१ चौरस मीटरच्या या पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडाले, तरी ८४१ लीटर गेले. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दिवसाला ८ मिलिमीटर धरले, तर रोज सुमारे पावणेसात हजार लीटर होतात.

प्रश्न : लातूरहून लिहितो. वर्तमानपत्रांत धरणाचा साठा कधी टीएमसी, कधी दलघमी, कधी टक्क्यांत देतात. धरण शून्य टक्क्यांवर असल्याची बातमी वाचून पाहायला जावे, तर समोर पाणी असते. हे कसे?

उत्तर : दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एका घनमीटरात १,००० लीटर मावतात, त्यामुळे एक दलघमी म्हणजे १०० कोटी लीटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि तो सुमारे २८.३ दलघमी भरतो. हे आकडे डोळ्यांपुढे यायचे असतील, तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आपल्या शहरात आलेली पाण्याची रेल्वे आठवावी. पन्नास वाघिणींची एक खेप सुमारे २५ लाख लीटरची, म्हणजे २,५०० घनमीटरची होती. एक दलघमी पाणी आणायला अशा ४०० खेपा लागल्या असत्या.

टक्क्यांचे कोडे शून्य कोठे धरला आहे यात आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा एकूण साठा २,९०९ दलघमी आहे. त्यातील ७३८ दलघमी मृतसाठा आहे, म्हणजे तो नेहमीच्या विमोचकांच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गांच्या, पातळीखाली राहतो, आणि उरलेला २,१७१ दलघमी उपयुक्त साठा आहे. बातमीतील टक्के बहुधा या उपयुक्त साठ्याचे असतात, म्हणून नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, शून्य टक्क्यांवर येतो तेव्हाही त्यात ७३८ दलघमी पाणी असते, आणि पन्नास टक्क्यांवर असतो तेव्हा ते सुमारे १,८२३ दलघमी, म्हणजे एकूण साठ्याच्या जवळपास ६३ टक्के असते. मृतसाठ्यातील पाणी टंचाईच्या काळात पंप लावून उपसतात, तेव्हा बातमीत उणे टक्के दिसू लागतात.

हे पाणी कोणी मोजपात्राने मोजत नाही, हे उघड आहे. धरणावर रोज मोजली जाते ती फक्त पातळी, आणि त्या पातळीला किती साठा हे आधी तयार केलेल्या तक्त्यावरून पाहतात. तो तक्ता जमिनीचे चढउतार मोजून केलेला असतो. जलाशय वरच्या बाजूला पसरट असल्याने वरची एक मीटर पातळी उतरली, तर खालच्या एका मीटरच्या कितीतरी पट पाणी जाते. हाच तक्ता कायम वापरता येत नाही, कारण नदीबरोबर येणारा गाळ मृतसाठ्यासाठी राखलेल्या भागातच बसतो असे नाही. तो वरच्या उथळ भागातही साचतो. म्हणून काही वर्षांनी पुन्हा सर्वेक्षण करून तक्ता सुधारावा लागतो, आणि तोवर त्याच पातळीला प्रत्यक्षातले पाणी तक्त्यातल्या आकड्यापेक्षा थोडे कमी असते.