वाचकांचे प्रश्न: होलीरूडमध्ये मंत्र्यांकडून उत्तर कसे काढतात?

प्रश्न: स्कॉटलंडच्या संसदेतले, म्हणजे होलीरूडमधले, गुरुवारचे प्रश्नोत्तर मी नियमित पाहते. आवाज मोठा, आरोप भरपूर, पण हाती माहिती काहीच लागत नाही. मग या खटाटोपाचा उपयोग काय? (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर: तुम्ही पाहता ते 'फर्स्ट मिनिस्टर्स क्वेश्चन्स', म्हणजे फर्स्ट मिनिस्टरला (स्कॉटिश सरकारच्या प्रमुखाला) विचारायचे प्रश्न. गुरुवारी दुपारी बाराला सुरू होऊन साधारण पाऊण तास चालते. सुरुवातीला मोठ्या विरोधी पक्षांचे नेते विचारतात आणि त्यांचा प्रश्न आधी छापला जात नाही. म्हणून फर्स्ट मिनिस्टर जाडजूड फाइल घेऊन उभे राहतात आणि बहुतेक वेळा फाइलमधलेच वाक्य वाचतात. माहिती मिळवण्याची ही जागा नव्हेच. इथे सरकारला एखाद्या विधानाशी बांधून घ्यायचे असते. बोललेला शब्द न् शब्द अधिकृत वृत्तांतात जातो, आणि जाणूनबुजून संसदेची दिशाभूल करणाऱ्या मंत्र्याने राजीनामा देऊ करावा, अशी मंत्र्यांच्या आचारसंहितेची अपेक्षा आहे.

म्हणून ऐकताना तीन गोष्टी टिपून ठेवा: आकडा, तारीख आणि 'मी सदस्यांना लेखी कळवतो' हे वाक्य. आकडा चुकीचा निघाला तर मंत्र्याला दुरुस्ती करावी लागते आणि ती दुरुस्तीही प्रसिद्ध होते. लेखी कळवण्याचे आश्वासन मात्र पाठपुरावा न केल्यास सहज विरून जाते.

माहितीसाठी त्याच दिवशी बाराच्या आधीची सर्वसाधारण प्रश्नांची वीस मिनिटे आणि खातेनिहाय प्रश्नोत्तरे पाहा. तिथे विचारणाऱ्यांची नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने निघतात, प्रश्न आधी छापला जातो आणि खरा कस उपप्रश्नात लागतो.

प्रश्न: लेखी प्रश्नाला सरकार दोन ओळींचे गुळमुळीत उत्तर देऊन मोकळे होते, असे वाचले. प्रश्न कसा लिहिला तर हे टळते? (एक वाचक)

उत्तर: या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. होलीरूडमध्ये लेखी प्रश्नाचे उत्तर साधारणपणे 10 दिवसांत यावे लागते. शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या त्यात धरत नाहीत. संसदेच्या मोठ्या सुट्टीच्या काळात ही मुदत 20 दिवसांची होते. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक मिळतो आणि उत्तर सर्वांना वाचता येते.

एक उदाहरण घेऊ. एका सदस्याला अरान बेटाच्या बोटसेवेविषयी विचारायचे आहे. 'बोटसेवा सुधारण्यासाठी सरकार काय पावले उचलत आहे?' असे विचारले की सरकारला आपल्या योजनांची जाहिरात करायला मोकळे रान मिळते. तोच प्रश्न असा लिहून पाहा: '1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या काळात आर्ड्रॉसन–ब्रॉडिक मार्गावरच्या वेळापत्रकातल्या किती फेऱ्या रद्द झाल्या, त्यांपैकी किती तांत्रिक बिघाडामुळे आणि किती हवामानामुळे, महिनावार.' आता टाळायला जागा कमी उरते. कालावधी ठरलेला, मोजायची गोष्ट ठरलेली, कारणांची विभागणी मागितलेली.

तरीही दोन ठरावीक उत्तरे येऊ शकतात. पहिले: 'ही माहिती मध्यवर्ती पातळीवर ठेवली जात नाही.' असे आले की पुढचा प्रश्न 'मग ती कोणाकडे असते आणि सरकार त्यांच्याकडून कोणते अहवाल घेते?' हा असावा. दुसरे: 'ही कंपनीच्या दैनंदिन कामकाजाची बाब आहे.' ही बोटसेवा कॅलमॅक चालवते, तिची मालकी स्कॉटिश मंत्र्यांकडे आहे, आणि बहुतेक बोटी व अनेक बंदरे 'सीमॅल' या दुसऱ्या सरकारी कंपनीची आहेत. म्हणून एकच प्रश्न तिन्हींवर सोडू नये. कंत्राट आणि पैसा सरकारला विचारावा, बोटींची खरेदी आणि बंदरांचे काम सीमॅलच्या संदर्भात, फेऱ्या कॅलमॅकच्या.

पूर्ण होण्याचा टप्पा कोणता, हेही प्रश्नातच बांधून घ्यावे लागते. 2015 मध्ये फर्ग्युसन या जहाजबांधणी गोदीला दोन बोटींचे 97 दशलक्ष पाउंडांचे कंत्राट मिळाले. त्यांतली 'ग्लेन सॅनक्स' नोव्हेंबर 2017 मध्ये समारंभपूर्वक पाण्यात उतरवली गेली, तेव्हा तिच्या काही खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. 2019 मध्ये गोदी सरकारच्या ताब्यात आली, आणि प्रवासी घेऊन बोट निघाली ती जानेवारी 2025 मध्ये. 'बोट केव्हा तयार होईल?' असे विचारणाऱ्याला मधला कोणताही टप्पा उत्तर म्हणून सांगता येतो. म्हणून पाण्यात उतरवणे, सीमॅलकडे हस्तांतर आणि पहिली प्रवासी फेरी यांच्या तारखा वेगवेगळ्या मागाव्यात, आणि प्रत्येक तारखेसोबत आधी जाहीर झालेली तारीखही.

काही वेळा 'शक्य तितक्या लवकर उत्तर देऊ' एवढेच कळवले जाते. ते मुदतीपुरते असते. खरे उत्तर आले का, याची तारीख टाकून नोंद ठेवावी लागते. आणखी एक सावधगिरी: काही लेखी प्रश्न सरकारनेच आपल्या बाजूच्या सदस्याकडून विचारवून घेतलेले असतात, घोषणा करण्यासाठी. ते गैर नाही, पण उत्तरात आकडे आहेत म्हणून ती छाननी झाली असे समजू नका.

प्रश्न: स्कॉटलंडमध्ये अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंची इतकी चर्चा असते. मग मंत्री 'हे लंडनच्या हाती आहे' असे सांगून सुटतात, ते खरे की बहाणा? (पत्रकारितेचा विद्यार्थी)

उत्तर: अर्धे खरे, म्हणून प्रश्न विचारणाऱ्याने सीमा आधी पाहायला हवी. 'स्कॉटलंड अ‍ॅक्ट 1998'च्या पाचव्या परिशिष्टात वेस्टमिन्स्टरकडे (लंडनमधल्या ब्रिटिश संसदेकडे) राखलेले विषय दिले आहेत. जे तिथे नाही ते बहुतांशी होलीरूडचे. अमली पदार्थांचा 1971 चा कायदा राखीव आहे. पण उपचार, आरोग्य मंडळांना दिला जाणारा पैसा, पोलीस आणि खटले भरण्याचे धोरण स्कॉटलंडमध्येच ठरते. ग्लासगोतले 'द थिसल' हे सुरक्षित सेवन केंद्र (देखरेखीखाली अमली पदार्थ घेण्याची जागा) याचा उत्तम दाखला आहे. कायदा जसाच्या तसा राहिला. सप्टेंबर 2023 मध्ये लॉर्ड अ‍ॅडव्होकेट (स्कॉटलंडमधल्या खटल्यांच्या प्रमुख विधी अधिकारी) डोरोथी बेन यांनी केंद्रात येणाऱ्यांवर केवळ स्वतःजवळ अमली पदार्थ बाळगल्याबद्दल खटला भरणे जनहिताचे ठरणार नाही, अशी भूमिका घेतली, आणि जानेवारी 2025 मध्ये केंद्र सुरू झाले.

तेव्हा 'कायदा का बदलत नाही?' या प्रश्नाला 'लंडनला विचारा' हेच उत्तर मिळणार. 'अमुक आरोग्य मंडळात उपचाराची शिफारस झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस लागतात?' या प्रश्नाला ते देता येत नाही. वेल्समध्येही 2018 पासून हीच राखीव विषयांच्या यादीची पद्धत आहे.

प्रश्न: मंत्र्याने उत्तर दिलेच नाही तर अध्यक्ष भाग पाडू शकतात का? (एक वाचक)

उत्तर: नाही. पीठासीन अधिकारी वेळ, शिस्त आणि कोणाला बोलू द्यायचे हे ठरवतात. उत्तराचा दर्जा ठरवत नाहीत. खरा दबाव समित्यांतून आणि मतदानातून येतो. कायद्याने संसदेला साक्षीदार आणि कागदपत्रे बोलावण्याचा अधिकार आहे, पण सरकारशी झटापट शेवटी बहुमतावर येते. माजी फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स साल्मंड यांच्याविरुद्धच्या तक्रारी हाताळताना सरकारला मिळालेला कायदेशीर सल्ला चौकशी समितीला द्यावा, असे सभागृहाने नोव्हेंबर 2020 मध्ये दोनदा ठरवले. सरकारने तेव्हा तो दिला नाही. मार्च 2021 मध्ये तेव्हाचे डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांच्यावर अविश्वास ठराव येण्याची चिन्हे दिसली, तेव्हा कागद बाहेर येऊ लागले. अल्पमतातल्या सरकारला हा धाक जास्त असतो.

उत्तर आयर्लंडमध्ये अडचण वेगळीच आहे. तिथे सोमवारी आणि मंगळवारी मंत्री प्रश्नांना उत्तरे देतात, पण फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर ही जोडीची पदे आहेत. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. जानेवारी 2017 ते जानेवारी 2020 आणि फेब्रुवारी 2022 ते फेब्रुवारी 2024 या काळात जोडी नव्हती आणि त्यातल्या बहुतेक काळात विधानसभेचे नेहमीचे कामकाज ठप्प होते. रुग्णालयांच्या रांगा वाढत होत्या आणि मंत्र्याला उभे करून जाब विचारायला सभागृहच भरत नव्हते. छाननी थांबते म्हणजे काय, हे या दोन कालखंडांइतके स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही.

प्रश्न: मी एडिनबरात राहते, पासपोर्ट भारतीय आहे. माझ्या भागातल्या शाळेचा प्रश्न मांडून घेता येईल का? (एक वाचिका)

उत्तर: येईल. तुमचे आठ प्रतिनिधी आहेत, एक मतदारसंघाचा आणि सात विभागाचे. कायदेशीर वास्तव्य असल्यास तुम्हाला मतदानही करता येते. पत्रात शाळेचे नाव, तारीख, स्थानिक परिषदेकडून आलेले उत्तर आणि नेमके काय विचारून हवे ते एकाच वाक्यात लिहा. शाळा परिषदेच्या अखत्यारीत येतात, म्हणून 'आमच्या शाळेचे छत गळते' एवढ्यावर मंत्री परिषदेकडे बोट दाखवतील. 'शाळांच्या इमारतींसाठी सरकारने या परिषदेला गेल्या तीन वर्षांत किती निधी दिला?' हे मात्र त्यांना विचारता येते.

सदस्याने प्रश्न घेतला नाही तर स्वतः माहिती मागा. 2002 च्या स्कॉटिश माहिती कायद्याखाली नाव आणि ईमेल देऊन लेखी अर्ज केला की 20 कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळायला हवे. माहिती शोधण्याचा खर्च 600 पाउंडांच्या वर जात असेल तर नकार देता येतो, म्हणून एका शाळेचे, एका वर्षाचे आणि एकाच प्रकारचे कागद मागा. नकार आला तर आधी त्याच कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज, आणि तरीही समाधान झाले नाही तर स्कॉटिश माहिती आयुक्तांकडे.