सत्तेचाळीस म्हटलं की 74 का लिहितात?

एकक-दशकाचे आणि तोंडी हिशेबाचे तेच ते प्रश्न सतत येताहेत, म्हणून त्यांतले काही एकत्र घेतो.

मुलगा पहिलीत आहे. बोटांवर मोजू द्यावं का? (भुसावळ)

हो, खुशाल मोजू द्या.

घरी अहिराणी, शाळेत मराठी. घरी आकडे कोणत्या भाषेत शिकवावेत? (अमळनेर)

ज्या भाषेत तुम्ही घरी हिशेब करता, त्याच भाषेत.

मुलगी दुसरीत आहे. सत्तेचाळीस म्हटलं की 74 लिहिते. शेजारी म्हणतात, हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातला दोष. (चोपडा)

शेजाऱ्यांनी निदान करू नये, आणि तुम्ही ते मुलीसमोर बोलू नये. आपण बोलताना सात आधी म्हणतो आणि चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी येतो. मूल ऐकलं तसंच लिहितं. एकोणपन्नासमध्ये तर पन्नास ऐकू येतं, पण लिहायचे असतात 4 आणि 9. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण मुलांची अडचण खरी होती. घरी दोन्ही नावं वापरा.

खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधा. चार जुड्या आणि सात सुट्या तिच्याकडून मांडून घ्या. ‘चार दशक सात, सत्तेचाळीस’ हे तिने स्वतः म्हणायचं, मग लिहायचं. शेजारीच सात जुड्या आणि चार सुट्या मांडा आणि जास्त कुठे ते विचारा. जुड्या तिनेच बांधायच्या आणि तिनेच सोडायच्या. हे न करता ‘शंभरपर्यंत पाच वेळा लिही’ म्हणणारे पालक पाहिले की फार वाईट वाटतं. त्या लिहिण्यात मूल आधी एककांची रांग उतरवतं, मग दशकांची; संख्या त्याच्या मनात येतच नाही.

दोन-तीन महिने रोज असं करूनही दहाच्या आतल्या वस्तू मोजताना चुकत असेल, तर वर्गशिक्षकांना भेटा, डोळे आणि कान तपासून घ्या, मग बालविकास तज्ज्ञांकडे जा.

ॲबॅकसचा क्लास लावू का? जाहिरातीत ‘कॅल्क्युलेटरपेक्षा वेगवान’ म्हणतात. (धुळे)

मुलाला विचारा, 45 मधला 4 म्हणजे किती? ‘चार’ असं उत्तर आलं तर फी भरू नका. वेग विकणं सोपं असतं, समज पैशाने येत नाही. आधी वर्गशिक्षकांचं मत घ्या.

मुलगा चौथीत आहे. 52 मधून 27 वजा केले की 35 लिहितो. पाचवीत गेला की येईल ना? (शहादा)

नाही येणार. तो 7 मधून 2 वजा करतोय, आणि पाचवीत हीच चूक भागाकारात शिरेल. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानानेही पायाभूत गणितासाठी तिसरीची अखेर ठरवली आहे; तुम्हाला आधीच उशीर झालाय. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी देऊन 27 रुपये मागा. नोट मोडल्याशिवाय देता येत नाही, हे त्याला कळू द्या. मग तोंडी: 27 ला 3 मिळवले की 30, त्यात 22 मिळवले की 52, म्हणजे 3 आणि 22 मिळून 25. बाजारात सुटे परत देणारा दुकानदार हेच करतो. उसना घेण्याची रीत त्यानंतर, आणि ती शाळेत कशी शिकवतात ते या आठवड्यातच बाईंना विचारून या.