पडवीतली काळी चिलटं: आधी ओळखा, मग औषधाचं बघा

प्रश्न (गुहागर, राजापूर, कुडाळकडून आलेले, आशय एकच): पावसामुळे मिरी-जायफळाच्या रोपांच्या पिशव्या पडवीत आणल्यात. आता घरभर बारीक काळी चिलटं झालीत, दिव्यावर येतात, ताटात पडतात. अशी पूर्वी पाहिली नव्हती. दुकानदाराने डायक्लोरव्हॉस दिलंय, फवारू का?

उत्तर: नाही. घरात तर मुळीच नाही. डायक्लोरव्हॉस आणि मातीत टाकायचं दाणेदार फोरेट, दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुना साठा कपाटामागून काढून देणारा दुकानदार तुमचं भलं करत नाहीये.

आता ओळख. एक मेलेलं चिलट पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंगातून बघा. अंग बारीक, पाय लांब, शिंगं मण्यांच्या माळेसारखी, पंख धुरकट आणि पंखाच्या मधोमध इंग्रजी वाय अक्षरासारखी फुटलेली शीर दिसली, तर ही बुरशीवरची माशी, सायारिड कुळातली. कुंड्या-पिशव्यांत बहुतेक वेळा ब्रॅडिसिया प्रजातीची निघते. पाठीवर कुबड आणि उडण्याऐवजी तुरूतुरू धावत असेल तर ती फोरिड. डोळे लाल आणि केळ्यांवर घोंगावत असेल तर फळांवरचं चिलट. न्हाणीच्या भिंतीवर बसणारी केसाळ, पतंगासारखी माशी मोरीतली; तिचा पिशव्यांशी संबंध नाही.

खात्री करायची तर बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा. खालच्या बाजूला काचेसारख्या पांढऱ्या, काळ्याभोर चकचकीत डोक्याच्या अळ्या दिसतील. उडणारी माशी ना चावते ना पीक खाते. खाते ती अळी: आधी ओल्या मातीतली बुरशी आणि कुजका पाला, तो कमी पडला की कोवळी मुळं. कलमाच्या जुन्या झाडाला काही होत नाही, पण मिरीची नुकती मुळं फुटलेली फाटी आणि जायफळाचं कोवळं रोप कोलमडतं.

म्हणून हवेत फवारा मारून उपयोग शून्य. माशी जेमतेम आठवडाभर जगते, अळी दोनेक आठवडे मातीत असते, आणि अंड्यापासून माशीपर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांचा. आज मारलंत तर पुढल्या आठवड्यात नवी पिढी वर. मग दुकानदार म्हणतो, डोस दुप्पट करा. करू नका. दुप्पट डोसाने पिशवीतली मुळंच भाजतात आणि दोष माशीवर जातो.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: वरची माती सुकवा. पिशव्या पागोळ्यांपासून आत, बांबूच्या माचावर घ्या. वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. पावसाळ्यात रोज झारी फिरवण्याची सवय हेच खरं मूळ. पिशवीच्या तोंडावर अर्धा इंच नदीची जाड वाळू पसरा (समुद्राची नको, खार मुळांना लागेल). कच्चं शेणखत वापरलं असेल तर वर दिसणारं काढून टाका. पिवळे चिकट सापळे पिशव्यांच्या उंचीवर लावा, छताला टांगून काय उपयोग?

एवढं करूनही अळ्या राहिल्या तर बीटी इस्रायलेन्सिस (डास-माश्यांच्या अळ्या मारणारं जिवाणूचं औषध), लेबलवरच्या मात्रेत, मातीत ओतून, आणि आठवड्याने पुन्हा. नीट लक्ष द्या: दुकानात नुसतं "बीटी" मागितलं की त्याच जिवाणूची दुसरी जात, कुर्स्टाकी, हातात पडते. ती पतंगवर्गीय अळ्यांची. माशीच्या अळीवर तिचा काही परिणाम नाही, पैसे पाण्यात. डब्यावरचं पूर्ण नाव वाचून घ्या.

धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) करणाऱ्यांनी याहून कडक राहावं, कारण तिथे अळी बुरशीचे धागेच खाते. दारं-खिडक्यांना बारीक नायलॉन जाळी, पेंढा नीट निर्जंतुक केलेला, आणि संपलेल्या पिशव्या त्याच दिवशी खोलीबाहेर, घरापासून लांब. खोलीत रासायनिक फवारणी नको. अळिंबी खायची वस्तू आहे.

नमुना दाखवायचा असेल तर चिकट कागदावरून खरवडून आणू नका, पाय-शिंगं तुटतात आणि मग ओळख पटत नाही. चार-पाच माश्या छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाका, वर जागा आणि तारीख लिहा. चिरडलेल्या माशीचा मोबाइलवरचा धूसर फोटो पाठवून औषध विचारू नका.